सातव्या रेघेचे चार महिने

वैशाली, सर म्हणतात, तुझे चार महिने भरून टाकू.

भरून टाकू म्हणजे कसे, तर आजूबाजूच्या रेघांची सरासरी काढायची आणि टिटव्यांच्या मोजणीतल्या तुझ्या रिकाम्या रकान्यांत घालायची. कुणाला कळणार नाही, तक्ता सलग दिसेल, आपला लेख छापून येईल. आणि हे पटत नसेल तर दुसरा उपायही त्यांच्याकडे तयार आहे. सातवी रेघच काढून टाकायची. चौदाच्या तेरा. रेघ गेली की आपल्याच नियमाने तिच्या माणसाचं नावही लेखावरून जाणार. हे सांगताना सरांचा आवाज फार मऊ होता. तू असतीस तर फोन ठेवल्या ठेवल्या त्या आवाजाची नक्कल केली असतीस.

मी नाही म्हटलं. दोन्हीला नाही म्हटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण तुला गोष्ट शेवटापासून ऐकायची सवय. आणि नाही म्हणणारी मी आहे यावर तुला हसू येणार, हेही मला माहीत आहे. खुशाल हस.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. लोक माझ्यासमोर तुझं कौतुक करतात आणि माझं डोकं फिरतं. हुशार होती, कष्टाळू होती, मनमिळाऊ होती. मनमिळाऊ? तू? नांदुऱ्याच्या स्टँडवर चुकीची पाटी लावून एसटी उभी केली म्हणून कंडक्टरशी अर्धा तास भांडणारी, एम.एस्सी.च्या वर्गात शिकवणाऱ्यांनी पाखराचं चुकीचं नाव सांगितलं की बाकावरून उठून उभी राहणारी बाई तू. माणूस गेलं की त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करायची ही जी पद्धत आहे ना, ती मी तुझ्या बाबतीत चालू देणार नाही.

तुला राग कुठून आला ते मी जवळून पाहिलंय. पाखरांच्या अभ्यासासाठी शहरातून जीप घेऊन आलेल्या एका पथकाबरोबर तू दोन वर्षं माळ तुडवलेस. घरटी तू शोधलीस, गावकऱ्यांशी तू बोललीस, काटे तुझ्या पायात मोडले. मग अहवाल आला. तुझं नाव कुठे आहे म्हणून आपण दोघींनी पानं उलटली, तर अगदी शेवटी, स्थानिक मदतीबद्दल आभार या मथळ्याखाली. जीपचा ड्रायव्हर, खानावळवाले काका, आणि कु. विशाली. नावसुद्धा धड नाही. मला वाटलं तू रडशील. तू ते पान फाडलंस, घडी करून पर्समध्ये ठेवलंस आणि म्हणालीस, "आता आपलं आपण करू."

आपलं आपण म्हणजे कोण, हे तुला तरी कुठे ठाऊक होतं? पण तू फोन करत सुटलीस. तालुक्याच्या कॉलेजांतून शिकलेली, परिसरशास्त्राचं वेड लागलेली आणि पुढे काय करायचं ते न कळणारी आपल्यासारखी पोरं कुठे कुठे पडली होती. कुणी तासिका तत्त्वावर शिकवत होतं, कुणी बियाण्याच्या दुकानात बसत होतं, संग्रामपूरचा नीलेश संगणकाचे क्लास घेत होता. मार्गदर्शक नाही, दुर्बीण नाही, पैसा तर नाहीच. तू सगळ्यांना एकच गोष्ट सांगितलीस. महिन्याचा पहिला रविवार, सूर्य उगवताना, ज्याने त्याने आपापल्या गावाबाहेर एक किलोमीटर सरळ चालायचं आणि टिटव्या मोजायच्या. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच रीतीने. अशा वाटेला पुस्तकात असलेला ट्रान्सेक्ट हा शब्द तू पहिल्याच दिवशी हद्दपार केलास. सरळ चालायचं म्हणून रेघ. वडनेर भोलजीची तुझी रेघ सातवी, अमडापूरची माझी नववी.

टिटवीच का, असं सगळ्यांनी विचारलं. तू म्हणालीस, ती दिसली नाही तरी ऐकू येते, दुर्बीण लागत नाही, आणि पडीत जमीन राहिली का गेली हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. शिवाय गावात तिला अपशकुनी म्हणतात, ती ओरडली की कुणीतरी जातं म्हणतात, याचा तुला फार राग. म्हातारी माणसं तुला टोकायची की पोरी, कशाच्या मागे लागलीस. तू त्यांना सांगायचीस, "बाबा, ते तिच्या अंड्यावर पाय पडू नये म्हणून ओरडते. तुमच्या मरणाशी तिले काही घेणं नाही."

आणि तुझा तो नियम. ज्या महिन्यात चाललो आणि टिटवी दिसली नाही, तिथे शून्य लिहायचं. ज्या महिन्यात चाललोच नाही, तिथे रकाना रिकामा सोडायचा आणि शेजारी कारण लिहायचं. शून्य लिहायला चालावं लागतं, असं तू नव्या पोरांना दर वेळी ऐकवायचीस. पोरं मान डोलवायची. मीही डोलवायचे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी दोन महिने अनुभवलंय. एका वर्षी एप्रिल-मेमध्ये मी रविवारी सेट परीक्षेच्या क्लासला बुलढाण्याला जात होते. रकाना रिकामा सोडला तर कारण लिहावं लागणार आणि कारण लिहिलं तर तू विचारणार, क्लास काय सूर्य उगवतानाच असतो का. म्हणून मी दोन शून्य टाकून दिली. उन्हाळ्यात तिकडे टिटवी नसेलच, असं मनाला सांगितलं. शून्याला कोण विचारतं?

तू विचारतेस. जून हा आपला अदलाबदलीचा महिना. वर्षातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याची रेघ चालायची, म्हणजे एकाच्या डोळ्याची सवय दुसऱ्याला तपासता येते. चिठ्ठीत तुझ्या वाट्याला माझी रेघ आली. तू पहाटेच रेघेवर पोचलीस, तलावामागच्या पडीत शेतात शेळ्या राखणारे बाबा तुला भेटले आणि तू काही न विचारताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. "ते ज्योती बाई? दोन महिने झाले, दिसलीच नाही. अन् टिटवीनं तं इथंच अंडे घातले, पिल्ले काढले. आता पयाले बी लागले ते." तू पिल्लं पाहिलीस. माझी दोन शून्यं त्या पिल्लांच्या पायाखाली गेली.

मग तू आमच्या घरी आलीस. आमच्या ओट्यावर बसलीस. माझ्या आईने आलूपोहे केले, ते तू खात होतीस आणि एका हाताने फोनवर काहीतरी लिहीत होतीस. माझ्या हातातला फोन वाजला. गटावर तुझा संदेश होता: अमडापूर रेघ, एप्रिल आणि मे रद्द. कारण: ज्योती चालली नव्हती.

समोर बसून, वैशाली! माझ्याच आईचे पोहे खात!

मी म्हटलं, मला एकटीला सांगता आलं नसतं का. तू घास गिळलास आणि म्हणालीस, "पेपरवर तुझं नाव सगळ्यांसमोर येईन ना? मंग हे बी सगळ्यांसमोर." मी म्हटलं, "तू स्वतःले समजून काय राह्यली?" तू ताटली रिकामी केलीस, आईकडे पाणी मागितलंस, तिला पोहे छान झाले म्हणालीस आणि साडेदहाच्या गाडीने निघून गेलीस. आई मला विचारत राहिली की काय झालं.

तो वाद आपण कधी मिटवला नाही. मी चुकले होते, हे त्याच दिवशी कळलं होतं. पण तूही चुकली होतीस. आधी मला सांगायला हवं होतंस, मी स्वतः गटावर लिहिलं असतं. तेवढी संधी मैत्रीत द्यायची असते. हे मत मी आजही सोडलेलं नाही आणि तू गेलीस म्हणून सोडणारही नाही. मेलेल्या माणसाला वादात जिंकू द्यायचं, हा नियम आपल्या नियमांत नव्हता.

या दिवाळीनंतर तुझे पाय सुजायला लागले. विहिरींच्या खाऱ्या पाण्याने मूत्रपिंडं जातात अशा आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पायाची सूज म्हटली की पुढचं काय ते सांगावं लागत नाही. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. गटावर आम्हाला हे कसं कळलं? तुझ्या रकान्यातून. नोव्हेंबर, वडनेर रेघ: रिकामी. कारण: चालणारी आजारी. डिसेंबरला पुन्हा तेच. लोकांनी विचारपूस केली, हात जोडलेली चित्रं पाठवली. मी काहीच लिहिलं नाही. म्हटलं, गरज असेल तर ती मला सांगेल. मनात पोह्यांची ताटली होती, वैशाली. दोन महिने मी त्या ताटलीपायी गप्प बसले, आणि आता त्या दोन महिन्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

जानेवारीत शेवटी मीच फोन केला. म्हटलं, या रविवारी मी येते, तुझी रेघ मी चालते. तू म्हणालीस, "नोको. रिकामं राहू दे."

"काऊन वं?"

"तू चालली तं मी इथं झोपून राहीन. रिकामं दिसलं की मले उठावं वाटते."

मग तू जरा वेळ दम खाल्लास आणि विचारलंस, एप्रिल-मेचं डोक्यातून काढलं का. मी खरं ते सांगितलं, नाही काढलं. "मी बी नाही," तू म्हणालीस आणि हसलीस, आणि नर्स आली म्हणून फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं हे. फेब्रुवारीच्या रकान्यात तू स्वतः लिहिलंस: रिकामी. कारण: दवाखाना. त्यानंतर आठवड्याभरात तू गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्या अंगणात बसले होते. मागे दोन बाया कुजबुजत होत्या की पोरगी टिटवीच्या मागे लागली, टिटवीनंच नेलं तिला. मी उठून त्यांना सांगितलं की पाण्यातल्या खाराने नेलं, डॉक्टर उशिरा गाठल्याने नेलं, पाखराने कुणाला नेलेलं नाही. आवाज जरा जास्तच चढला. तुझी आई मांडवाच्या खांबाला टेकून पाहत होती.  निघताना तिने माझा हात धरला आणि विचारलं, "थे कुठून चालत होती, मले दाखवशीन का?"

आणि त्याच आठवड्यात सरांचा फोन. आकडेमोडीसाठी तूच त्यांना आपल्यात आणलं होतंस, त्यांनी मदतही मनापासून केली, हे नाकारत नाही. पण त्यांना लेख लवकर जायला हवा. लेख मलाही हवा होता. नोकरीचा अर्ज याच महिन्यात भरायचा आहे आणि छापलेल्या कामाशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. गटावर विषय निघाला तेव्हा बरीच पोरं भरून टाकू म्हणणारी निघाली. नीलेशने लिहिलं, वैशालीताईचं नाव राहावं म्हणून तरी भरू. त्याचं मन वाईट नाही. तुझ्यावरच्या मायेनेच तो हे म्हणत होता, आणि म्हणूनच मला ते जास्त जड गेलं.

मी मग गटावर माझ्या एप्रिल-मेची सगळी गोष्ट लिहिली. निम्म्या पोरांना ती माहीतच नव्हती, ती नंतर आलेली. दोन शून्यं, शेळ्यांचे बाबा, टिटवीची पिल्लं, आलूपोहे, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की जिने माझी खोटी शून्यं चारचौघांत पुसली, तिच्या नावावर मी चार खोटे आकडे लिहू देणार नाही, आणि ती रेघ काढूही देणार नाही.  मग नीलेशचं उत्तर आलं: हाव ताई. रिकामंच राहू द्या.

सरांना फोन लावला. म्हटलं, चार महिने रिकामे राहतील आणि शेजारी कारण जाईल, तिने लिहिलं तेच.

"असं कारण शास्त्रीय लेखात लिहीत नाहीत, ज्योती. आणि चार महिन्यांसाठी कोण एवढं भांडतं?"

"आम्ही भांडतो, सर."

तसं असेल तर मला माझं नाव काढून घ्यावं लागेल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, काढा.  आता आकडेमोड कोण करणार? नीलेश म्हणतो शिकू. रिकामे रकाने तसेच ठेवून हिशेब करता येतो, तशा रीती आहेत, शिकायला वेळ लागेल इतकंच. तोवर माझा अर्ज लेखाशिवायच जाईल. जाऊ दे. चौदा नावं जशीच्या तशी राहतील, आणि तुझं नाव नीट वैशाली असं लिहिलेलं असेल. ते फाडलेलं पान तुझ्या पर्समधून काढून तुझ्या आईने, मावशींनी, मला दिलंय. विशाली तिथेच राहील.

काल पहिला रविवार होता. मी शनिवारीच तुमच्याकडे आले. पहाटे मावशी माझ्याआधी तयार होत्या, हातात काठी आणि पाण्याची बाटली. रेघ जिथून सुरू होते ते चुन्याचा पट्टा मारलेलं तुझं हिवराचं झाड त्यांनीच मला दाखवलं, म्हणाल्या एकदा तुला डबा द्यायला इथवर आले होते. तिथून आम्ही दोघी निघालो. मी घड्याळ लावलं, हळू चालले, तू शिकवलंस तशी दर शंभर पावलांना थांबले. मावशीही थांबत होत्या आणि कान देत होत्या.

तुझं पडीत आता पडीत राहिलेलं नाही. नोव्हेंबरपासून इथे कुणी चाललं नव्हतं ना, आणि मधल्या काळात तिथे प्लॉट पडलेत. लाल टोकाचे दगड ओळीने रोवलेत, मधून मुरमाचा रस्ता टाकलाय. साळुंक्या होत्या, बगळे होते. टिटवी नव्हती. नाल्यावरच्या पुलापर्यंत आम्ही पोचलो, एकदाही ती ओरडली नाही.

पुलाच्या कठड्यावर कागद ठेवला आणि पेन काढलं. मावशी वाकून पाहत होत्या.

"किती लिहून राह्यली?"

"दिसली नाही मावशी. शून्य."

त्यांनी मागे वळून रेघेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एक तरी लिही ना माय. तिच्या नावानं."

वैशाली, माझं पेन थांबलं. एवढा एक आकडा. कोण शेळ्या राखत होतं तिथे पाहायला? तुझ्या आईने माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "मावशी, थे मले सोडनार नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग मान हलवली. "हाव. आधी मलेच बोलन."

मी शून्य लिहिलं. कोण चाललं या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खाली सावकाश लिहिलं, कमलबाई. परत येताना त्या दर दगडापाशी थांबून बघत होत्या, जणू त्यांना आता सवय लागली होती. गावाजवळ आल्यावर त्यांनी विचारलं की मी इथे आले तर माझ्या गावची रेघ कोण चाललं. कुणीच नाही, मी म्हटलं. त्या थांबल्या आणि काठी जमिनीवर टेकवून म्हणाल्या, "मंग पुढच्या महिन्यात तू नोको येऊ. हे मी चालीन."

एसटीत बसून मी गटावर टाकलं ते तुलाही सांगते. अमडापूर रेघ, मार्च: रिकामी. कारण: ज्योती वडनेरला होती. वडनेर रेघ, मार्च: टिटवी शून्य. चालल्या: कमलबाई आणि ज्योती.

आता यातलं एक तरी रद्द करून दाखव.